गाडी, गुण आणि गिऱ्हाईक

नागपुराहून उत्तरेकडे निघणाऱ्या दोन सडका मध्य प्रदेशातील मराठी मुलखातून जातात. एक पांढुर्ण्यावरून बैतुलकडे व पुढे भोपाळकडे जाते. दुसरी सौंसरवरून निघून सिल्लेवानीचा घाट चढते आणि छिंदवाड्यास पोहोचते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा भाग नागपूरपासून वेगळा होऊन नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकारभाराच्या सीमा अशा दोनदा बदलल्या. पण येथील संत्र्याने आपली वाट बदलली नाही. आंबिया बहार असो वा मृग बहार असो, बागेतून उतरलेले फळ या सडकांनीच दूरच्या बाजारास जाते. एके काळी त्याचा मोठा भार रेल्वेवर होता. पांढुर्णा हे दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावरील स्थानक, तर सौंसरला २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची छोटी गाडी होती. आता तो भार मुख्यतः मालमोटारीवर आहे.

तोडलेले फळ कोणासाठी थांबत नाही. भरलेली गाडी घाटात किंवा आडरानात एक रात्र अडकून पडली, तर गाडीच्या मालकाचे भाडे बुडते. पण बागाईतदाराच्या वर्षाच्या कष्टाला धक्का बसतो. म्हणून गाडीचा रंग, तिची बैठक किंवा तिच्या कारखान्याचा लौकिक यांपेक्षा ‘ही वाटेत दगा देणार नाही ना?’ हाच प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. साधा दिसणारा हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील सर्वांत मोठ्या उद्योगाच्या भाग्याचा निकाल लावणारा ठरला. अमेरिकेच्या बलाढ्य मोटार कारखान्यांना जपानसारख्या, युद्धात होरपळून निघालेल्या देशाच्या कारखान्यांनी मागे टाकले, ते याच प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर देऊन. हे कसे घडले, आणि त्याचे पडसाद मुंबई-पुण्यापासून या सीमेवरच्या मुलखापर्यंत कसे उमटले, हे पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा निःसंशय अमेरिकन मोटारीचा काळ होता. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारात आणली आणि १९१३ साली आपल्या कारखान्यात सरकत्या जोडणीपट्ट्याची पद्धत सुरू केली. पूर्वी गाडीचा सांगाडा जोडण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागे. तो सुमारे दीड तासावर आला. १९२७ पर्यंत या एकाच नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या आणि श्रीमंताची चैन असलेली मोटार अमेरिकेतील शेतकऱ्याच्या अंगणात उभी राहिली. या लाटेचे पाणी हिंदुस्थानलाही लागले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना घातला. पाठोपाठ फोर्ड कंपनीही आली. सुटे भाग जहाजाने यायचे, येथे जोडले जायचे आणि शेव्हरोले, फोर्ड व डॉज या नावांच्या बसगाड्या आणि मालमोटारी देशातील जिल्ह्या-जिल्ह्यांच्या कच्च्या रस्त्यांवर धावू लागायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्यांनी त्यांत भर घातली. अमेरिकन गाडी म्हणजे दणकट गाडी, ही समजूत लोकांच्या अनुभवातून आलेली होती.

याच काळात ‘जपानी माल’ हा शब्द आपल्या बाजारात कोणत्या अर्थाने वापरला जाई, हे जुन्या पिढीस ठाऊक होते. स्वस्त, चकचकीत आणि चार दिवसांत मोडणारे खेळणे म्हणजे जपानी माल. त्या देशाच्या मालाबद्दलचा हा समज अगदी निराधार होता असेही म्हणता येत नाही. म्हणूनच पुढील काळातील त्याच्या पालटाचे कारण एखाद्या राष्ट्राच्या रक्तात किंवा उपजत स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. माणसे तीच होती. त्यांची काम करण्याची रीत बदलली.

त्या रीतीचे मूळ मोटारीत नसून विणकामात आहे. साकिची टोयोडा या जपानी कारागिराने १९२४ साली एक स्वयंचलित माग सिद्ध केला. ताण्यातील एक जरी धागा तुटला, तरी तो माग आपोआप थांबत असे. नागपूरच्या विणकरास या युक्तीचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. धागा तुटला असताना माग चालत राहिला, तर पुढे हातभर कापड निघते खरे, पण ते सारे सदोष निघते. माग थांबला तर क्षणभराचा खोळंबा होतो, पण दोष जेथे उपजला तेथेच सापडतो. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स या प्रसिद्ध कंपनीने विकत घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचे प्रयोग आरंभिले आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली.

त्या वेळी खुद्द जपानच्या रस्त्यांवरही अमेरिकन गाड्यांचेच राज्य होते. फोर्डने १९२५ साली योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाकात कारखाने घातले होते. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून देशी कारखान्यांना संरक्षण दिले, तेव्हा या कंपन्यांचे पाय तेथून निघाले. परंतु संरक्षणाने बाजार मिळतो. गुण मिळत नाही. युद्धानंतर टोयोटाची स्थिती अशी झाली की १९५० साली कामगार कपात, संप आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली किइचिरो यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी त्यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा अमेरिकेस जाऊन फोर्डचा रूज येथील प्रचंड कारखाना पाहून आले. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक बोलका हिशोब दिला आहे. १९५० पर्यंतच्या तेरा वर्षांत टोयोटाने मोटारकारी केल्या होत्या २,६८५. आणि रूज येथे एका दिवसात सुमारे ७,००० गाड्या निघत होत्या.

अशा प्रतिस्पर्ध्याशी त्याच्याच रीतीने झुंजणे अशक्य होते. टोयोटाकडे मोठी यंत्रे घेण्यास पैसा नव्हता, सुट्या भागांचे ढीग रचून ठेवण्यास जागा नव्हती, आणि बिघडलेली गाडी फेकून दुसरी करण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ताइइची ओनो या अभियंत्याने गरिबीतूनच नवी पद्धत घडवली. पुढच्या कामगाराला जेवढे भाग लागतील तेवढेच मागच्याने करावेत, आणि मागणीची खूण म्हणून एक पाटी पाठवावी. या पाटीला जपानी भाषेत ‘कानबान’ म्हणतात. दुसरा नियम अधिक धाडसाचा होता. काम चालू असता कोणत्याही कामगारास दोष दिसला, तर त्याने दोरी ओढून सारी रांग थांबवावी. अमेरिकन कारखान्यात रांग थांबवणे हा जवळजवळ गुन्हा मानला जाई. तेथे गाडी कशीही पुढे सरकली पाहिजे, आणि अखेरीस तपासनीसांनी दोष हुडकून दुरुस्त करावेत, अशी व्यवस्था होती. एका ठिकाणी मागाचा धागा तुटताच माग थांबत होता. दुसऱ्या ठिकाणी सबंध ठाण विणून झाल्यावर भोके रफू केली जात होती.

या कथेतील एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. जपान्यांना गुणवत्तेचे शास्त्र शिकवणारा गुरू अमेरिकनच होता. डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेपुढे व्याख्याने दिली. दोष घडून गेल्यावर शोधण्यापेक्षा तो घडूच नये अशी प्रक्रिया बसवा, आणि प्रक्रिया बिघडते आहे की नाही हे आकड्यांवरून ओळखा, असा त्यांच्या शिकवणीचा मथितार्थ होता. १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक जपानात दिले जाऊ लागले. निस्सानला ते १९६० साली आणि टोयोटाला १९६५ साली मिळाले. युद्धकाळात हेच शास्त्र अमेरिकेच्या कारखान्यांतही वापरले गेले होते. परंतु युद्ध संपल्यावर तेथे गाड्यांची मागणी एवढी उसळली की जे निघेल ते विकले जाऊ लागले. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची चिंता उरली नाही, तेव्हा आकड्यांची पाटी कोणी पाहावी? दरवर्षी गाडीचे शेपूट आणि चकचकीत पट्ट्या बदलण्यात तेथील बुद्धी खर्च होऊ लागली. गुरूच्या घरी विद्या पडून राहिली आणि शिष्याच्या घरी ती फळाला आली.

तथापि शिष्याचा पहिला प्रवेशही अपयशाचाच होता. टोयोटाने १९५७ साली अमेरिकेत आपली विक्रीसंस्था उघडली आणि ‘क्राउन’ नावाची गाडी तेथे नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी बांधलेली ती गाडी अमेरिकेच्या महामार्गावर वेग घेताच तापू लागली, थरथरू लागली. १९५८ साली त्या गाड्या जेमतेम तीनशेच्या आत खपल्या आणि पुढे कंपनीने मोटारकार पाठवणेच काही काळ थांबवले. अपमानास्पद अशी ही माघार होती. पण तिच्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कंपनीने अमेरिकन गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. महामार्ग कसा असतो ते शिकून घेतले, आणि १९६५ साली ‘कोरोना’ ही नवी गाडी घेऊन ती परत आली. या वेळी ती टिकली.

पुढील पंधरा वर्षांत काळाने अमेरिकन कारखान्यांची दोनदा परीक्षा पाहिली. १९७० साली अमेरिकेने मोटारीच्या धुराविरुद्ध कडक कायदा केला. असे इंजिन करणे अशक्य आहे अशी तक्रार डेट्रॉइटचे मोठे कारखाने करीत राहिले; आणि दुचाकींसाठी प्रसिद्ध असलेल्या होंडाने १९७२ साली त्या कायद्यात बसणारे इंजिन जाहीर केले. दुसरी परीक्षा तेलाची. १९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनी अवजड, इंधनखाऊ गाडीचे दिवस संपवले. अमेरिकन गृहस्थाने नाइलाजाने लहान जपानी गाडी घेतली ती पेट्रोल वाचवण्यासाठी. पण वर्ष-दोन वर्षे वापरल्यावर त्याला दुसरीच गोष्ट उमगली. ही गाडी दुरुस्तीवाल्याकडे न्यावी लागत नाही! हा शोध जाहिरातीने लागला नव्हता, वापराने लागला होता. म्हणून तो पुसून टाकणे अवघड होते. १९८० साली जपानने मोटारवाहनांच्या उत्पादनात अमेरिकेला मागे टाकले. त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीला बुडण्यापासून वाचवण्यासाठी अमेरिकन सरकारला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी घ्यावी लागली. १९८१ साली दडपणाखाली जपानने आपली निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींवर आवरती घेण्याचे मान्य केले. पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. होंडाने १९८२ साली ओहायो राज्यातच मोटारी काढण्यास आरंभ केला.

आता एक शंका उरते. जपानी कामगार शिस्तीचा, आज्ञाधारक. त्याच्याशी अमेरिकन कामगाराची तुलना कशी व्हावी? या शंकेचे उत्तर कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट या गावी मिळाले. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि सदोष गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. इमारत तीच, कामगार संघटना तीच, आणि कामगारही बहुसंख्य तेच. व्यवस्था मात्र टोयोटाची. जुन्या कामगारांना जपानात नेऊन काम दाखवण्यात आले, आणि परतल्यावर त्यांच्या हाती रांग थांबवणारी दोरी देण्यात आली. ज्याच्यावर आजवर कोणी विश्वास टाकला नव्हता, त्यालाच गुणाचा राखणदार नेमले. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या गाड्या जनरल मोटर्सच्या सर्वोत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. खेद एवढाच की घरात जळणारा हा दिवा जनरल मोटर्सने आपल्या इतर दालनांत वेळेवर नेला नाही. १ जून २००९ रोजी त्या कंपनीने दिवाळे जाहीर केले. पुढील वर्षी फ्रीमॉन्टचा तो भागीदारीचा कारखानाही बंद झाला.

आता आपल्या देशाकडे वळावे. मोटारीचा देशी कारखाना काढण्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली आणि ती उचलून धरली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. परकीय सरकारच्या अडवणुकीस तोंड देत त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरवले की ज्यांना येथे गाड्या घडवायच्या असतील त्यांनीच राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. त्यानुसार जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी आपले येथील काम गुंडाळले. देशी उद्योगाच्या पायाभरणीस हे धोरण आवश्यकच होते. वालचंद यांच्यासारख्यांचे श्रेय त्यामुळे उणे होत नाही.

परंतु पुढे संरक्षणाचे रूपांतर सवयीत झाले. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी संबंध जोडून काढलेली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी, तसेच कलकत्त्याजवळची ‘ॲम्बॅसडर’, या दोहोंपैकी एकीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. गाडी मिळाली की पेढे वाटावेत, आणि तिची दारे नीट लागत नसली तरी तक्रार करू नये, असा तो काळ होता. गिऱ्हाईक रांगेत उभे असले की कारखान्याची रांग कोण थांबवणार? युद्धानंतरच्या सुगीत अमेरिकेत जे झाले, तेच टंचाईत आपल्याकडे झाले. एकीकडे समृद्धी, दुसरीकडे अभाव. पण विकणाऱ्याचे निर्धास्तपण दोहोंकडे सारखे, आणि त्याचे फळही सारखेच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीला आपल्या हातच्या कौशल्याने जगवले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने रस्त्याचा निरोप घेतला तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले, हे खरे. तो मान त्या कारागिरांचाही आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मारुती कंपनीच्या पहिल्या मोटारीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देण्यात आली आणि हे चित्र पालटले. सरकारी मालकीच्या या कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार केला होता. गुडगावच्या कारखान्यात व्यवस्थापक आणि कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृह एक, असा नवा शिरस्ता सुरू झाला. गाडी लहान होती, पण सकाळी एका किल्लीत सुरू होई. १९९० नंतरच्या दशकात देशात खपणाऱ्या दहा मोटारकारींपैकी सात-आठ मारुतीच्या असत.

येथे जपानचा विजय झाला असे म्हणून थांबता आले असते. पण त्याच दशकात मालवाहू गाड्यांच्या बाजारात उलटा निकाल लागला. टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने देशात हलक्या मालमोटारींचे चार कारखाने निघाले. त्यांतील मित्सुबिशीच्या सहकार्याचा आयशरचा कारखाना मध्य प्रदेशातच पिथमपूर येथे आहे. या चौघांसमोर पुण्याची टेल्को आपला जुना अवजड ट्रक घेऊन काय टिकणार, असे अनेकांना वाटले. टेल्कोची घडण सुमंत मुळगावकर यांनी केली होती. १९५४ पासून १९६९ पर्यंत जर्मनीच्या डेमलर-बेंझकडून विद्या घेतल्यावर तिच्या जोरावर स्वतंत्र उभे राहण्याचा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या कारखान्यात गाड्यांच्या आधी हत्यारे, साचे आणि प्रशिक्षित कारागीर तयार करण्यावर त्यांनी भर दिला. १९८६ साली ‘४०७’ ही हलकी मालमोटार बाजारात आली. ती येथील रस्ते, येथील ओझे आणि येथील गावचा मिस्त्री यांचा विचार करून बांधलेली होती. १९८५ च्या सप्टेंबरात मोठ्या देशांनी चलनांविषयी केलेल्या कराराने येन महाग झाला. डॉलरला सुमारे २४० येन मिळत ते दोन वर्षांत दीडशेच्या आसपास आले, आणि जपानी सुट्या भागांवर अवलंबून असलेल्या गाड्यांची किंमत वाढली. हे कारण खरेच. पण एकटे पुरेसे नाही. सडकेवर बंद पडलेल्या गाडीचा भाग जवळच्या गावी मिळतो की नाही, हाही गुणाचाच एक भाग आहे. टोयोटा आणि निस्सान यांच्या त्या भागीदाऱ्या काही वर्षांत संपल्या. आयशर मात्र पिथमपुरात राहिली आणि वाढली, कारण तिने भाग येथेच घडवण्याची विद्या अंगी बाणवली.

१९९३ साली मोटारकारींचा परवाना रद्द झाला आणि अमेरिकन कंपन्या परतल्या. फोर्डने महिंद्रांच्या भागीदारीत नाशिक येथे १९९६ साली ‘एस्कॉर्ट’ ही गाडी काढली. जनरल मोटर्सने आधी गुजरातेत हालोल येथे आणि सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे कारखाना उघडला. वर्षाला १ लाख ४० हजार गाड्यांची त्याची क्षमता होती. दुसरीकडे किर्लोस्कर या मराठी उद्योजक घराण्याने टोयोटाशी भागीदारी करून १९९७ साली बंगळूरजवळ बिडदी येथे कारखान्याची पायाभरणी केली. किर्लोस्करवाडीच्या नांगरापासून चालत आलेल्या घराण्याला टोयोटाची शिस्त परकी वाटण्याचे कारण नव्हते.

या दोन कारखानदारांची एक जोडी तुलनेस फार उपयोगी आहे. टोयोटाने २००० साली ‘क्वालिस’ आणि जनरल मोटर्सने २००४ साली ‘टव्हेरा’ अशी आठ-दहा माणसे नेणारी गाडी आणली. प्रवासी वाहतुकीच्या धंद्यात दोन्ही लोकप्रिय झाल्या. विशेष हे की टव्हेराचा आराखडाही जपानीच, इसुझू कंपनीचा होता. नाव तेवढे अमेरिकन. म्हणजे जन्माने दोघी जपानी. पण वाढवणारी घरे निराळी. क्वालिसचा खप उत्तम चालू असतानाच टोयोटाने २००५ साली ती बंद करून ‘इनोव्हा’ ही अधिक चांगली गाडी आणली. टव्हेराच्या बाबतीत जुलै २०१३ मध्ये कंपनीलाच जाहीर करावे लागले की धुराच्या तपासणीत आपल्या माणसांनी लबाडी केली होती. सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि काही अधिकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. गुण तपासणीच्या वेळी दाखवण्यापुरता उरला, की त्याची परिणती अशी होते. २०१७ साली जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबवली, तेव्हा बाजारातील तिचा वाटा शंभरात एकाच्याही आत होता. तळेगावचा कारखाना आणखी तीन वर्षे निर्यातीसाठी चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये थांबला. २०२४ च्या आरंभी तो कोरियाच्या ह्युंदाई कंपनीच्या ताब्यात गेला. मधल्या काळात तेथील कामगारांच्या घरी कोणती चिंता होती, ती हिशोबाच्या वहीत दिसत नाही. कारखान्याचा गुण ढासळतो तेव्हा त्याची किंमत भागधारकापूर्वी कामगार मोजतो. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले.

एवढ्यावरून जपान निर्दोष आणि अमेरिका सदोष असा निवाडा देणे मात्र अन्यायाचे होईल. २००८ साली टोयोटा विक्रीत जगात पहिली झाली, आणि लगेच पुढील दोन वर्षांत वेगवर्धकाच्या दोषामुळे तिला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी किइचिरो यांचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे क्षमा मागितली आणि कंपनी फार वेगाने वाढली असावी अशी कबुली दिली. जो धागा तुटताच माग थांबवायचा, तो धागा वाढीच्या धांदलीत त्यांच्याही नजरेतून सुटला होता. निस्सानची ‘डॅटसन’ ही स्वस्त गाडी भारतात चालली नाही आणि २०२२ साली ते नाव येथून गेले. उलट ‘जीप’ हे अमेरिकन नाव पुण्याजवळ रांजणगावी २०१७ पासून गाड्या घडवीत आहे. तात्पर्य, गुण कोणत्याही देशाची वतनदारी नाही. तो रोज कमवावा लागतो, आणि एखाद्या सुगीच्या धुंदीत तो हातचा जातो.

पांढुर्णा-सौंसरच्या बागाईतदारास या सर्व इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचा संबंध केवळ गाडीपुरता नाही. त्याचे संत्रेही आता तशाच शर्यतीत उतरले आहे. नागपुरी संत्र्याचे नाव एवढे मोठे होते की दूरच्या बाजारात ते आपोआप विकले जाई. आज त्याच बाजारात पंजाबचा किन्नो रांगेत मांडलेला असतो. बांगलादेशाने आयातीवरील कर वाढवल्यापासून एक मोठे गिऱ्हाईकही आखडले आहे. अशा वेळी जुन्या नावावर विसंबणे म्हणजे शेपटीचा आकार बदलीत बसलेल्या डेट्रॉइटची चूक पुन्हा करणे होय. प्रतवारी अवश्य करावी; पण मंडईतील प्रतवारी वाईट फळ वेगळे काढू शकते, चांगले फळ निर्माण करू शकत नाही. ते कलमाची निवड, पाण्याचा निचरा, बहाराचा ताण आणि गळ सुरू होताच त्याच दिवशी केलेला उपाय यांतून झाडावरच घडते. शिवाय तोडणाऱ्या आणि पेटी भरणाऱ्या मजुराला ‘हे फळ चालणार नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी लागते. पेटीच्या तळाशी काय गेले ते मालकापूर्वी त्यालाच ठाऊक असते.

टोयोडांचा माग एका तुटलेल्या धाग्यासाठी थांबत असे. थांबण्याचा तो क्षण तोट्याचा वाटे, पण पुढचे सारे कापड त्यानेच वाचे. नवा जिल्हा, नवा बाजार आणि नव्या पिढीचे बागाईतदार यांच्यापुढे हाच प्रश्न आहे की पहिला धागा तुटलेला दिसताच थांबायचे, की ठाण पुरे झाल्यावर गिऱ्हाइकाने तो दाखवीपर्यंत वाट पाहायची. ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या कारखान्यांच्या फाटकांवर आज दुसऱ्यांची नावे आहेत.